आणि येताना

गुरुवारी रात्री साडेदहाला
शनीच्या कड्यावरचं पोस्ट ऑफिस उघडायचं,
रेडिओवर, एकोणऐंशी सालच्या हिवाळ्यात.
ऐकणारे आम्ही: विदर्नसी गाव, शेवटची गल्ली,
स्वयंपाकघर. समुद्र तेव्हा
चारशे पावलं लांब होता, सभ्य शेजाऱ्यासारखा.

वडिलांनी टेपरेकॉर्डर रेडिओच्या तोंडाशी धरला,
ओठांवर बोट. वायर नव्हती.
हवेतून येईल ते टेपवर,
म्हणून त्या सहा भागांत आम्हीही राहतो:
क्लाइव्हची शिंक, धूमकेतू वळतो तिथे,
आईचं "चिप्स गार होतायत,
गुरू ग्रह काही पळून जात नाही",
आणि मस्टर्ड.

मस्टर्ड म्हणजे कुत्रा.
भाग चार. खिडकीशी सात तोंडांची एक बाई,
प्रत्येक तोंडाची तक्रार वेगळी.
पोस्टमास्तर ऑस्गर्बी चष्मा पुसतो
(हे ऐकू येतं, कसं ते विचारू नका)
आणि म्हणतो:
"बाई, हे पार्सल तुम्ही उद्या टाकलंय.
आज कसं मिळेल? काल या.
आणि येताना…"

भू. भू भू. भू. भू.

मग सातही तोंडं एकदम रडायला लागतात.

येताना काय?
पंचेचाळीस वर्षं घरात हा एकच वाद टिकला,
बाकीचे मिटले.
क्लाइव्ह म्हणे, पावती. मी म्हणे, आठवं तोंड.
आई म्हणे, दूध, कारण आपल्याकडचं संपलंय.
वडील काहीच म्हणत नसत. त्यांचा ट्रॉलर
हल बंदरात गंजत होता,
कॉड आइसलंडवाल्यांचा झाला होता,
आणि दर मंगळवारी बेकारभत्त्याच्या खिडकीवर
एक चष्मा त्यांना सांगे, हा नव्हे, तो फॉर्म.
"बरं, काल येतो," म्हणून ते परतायचे.
गल्लीच्या तोंडापासून त्यांचं हसू ऐकू यायचं.
त्याआधी दोन वर्षं आलं नव्हतं.

यानाचं दार म्हणजे केकचा डबा आणि ओला हातमोजा,
हे पुढे कुठेतरी छापून आलं.
आम्ही डबा घासून पाहिला. हुबेहूब.
तरी यान उतरायचं थांबलं नाही,
परसात, कोबीच्या वाफ्यात.

टेप ताणत गेली,
ऑस्गर्बीचा आवाज पाण्याखाली गेला.
गल्लीतली तीन घरंही.
कडा दरवर्षी दोन मीटर ढासळतो, आता ऐंशी पावलं.
आई नाही. मस्टर्डनंतर तीन कुत्री झाली,
एकालाही विज्ञानकथेत रस नव्हता.

या नाताळात क्लाइव्हचा रूफस फोन घेऊन आला.
"मूळ रेकॉर्डिंग मिळालंय. एकदम स्वच्छ. सगळं ऐकू येतं."
सगळं म्हणजे?
"सगळं, आत्या."

बसलो. खरंच स्वच्छ होतं,
कुणी न घातलेल्या इस्त्रीच्या शर्टासारखं.
धूमकेतू वळला, कोणी शिंकलं नाही.
क्लाइव्हनं उगाच नाक पुसलं.
वडील खुर्चीत, गुडघ्यांवर ब्लँकेट.
जुलैपासून ते मला नर्स समजतात,
आणि चांगली नर्स नाही समजत.
चष्मा. पार्सल. उद्या.
"काल या. आणि येताना…"

मी श्वास रोखला.
वडिलांनी हनुवटी उचलली.
"भू," म्हणाले. "भू भू. भू. भू."
पाच. मोजून.
तोवर बाई सातही तोंडांनी रडत होती,
आणि आम्ही होतो तेवढ्या तोंडांनी.

रूफसचं बोट फोनवर: मागे नेऊ?
"नको," क्लाइव्ह म्हणाला. "ठेव तो.
चिप्स गार होतायत."

चिप्स नव्हत्याच घरात. बटाटेही नव्हते.
मी कोट चढवला. दूध संपलं होतं.