धाप

मुकद्दस परिचारिका सकाळी सातला आली.
तिच्या आधी तिची गाडी ऐकू आली,
अक्रोडांच्या रानातून वर येणारी, दुसऱ्या गिअरमध्ये रडत,
फिक्या निळ्या रंगाची निवा,
माझ्याहून सहा वर्षांनी मोठी.

"पाय दाबते तसा आवाज वाढतो," ती म्हणाली,
"गाडी वाढत नाही.
मागून कुणी डगल्याला धरून ठेवावं तशी चालते.
परवा वरच्या वस्तीत बाळंतपण होतं.
मी पोचले, तेव्हा मूल अंघोळ करून झोपलं होतं."

उस्ताद तुर्दिबॉय काही बोलले नाहीत.
त्यांचा डावा कान ओशच्या कारखान्यात गेला, उजवा वयात.
म्हणून ते इंजिन ऐकत नाहीत,
बॉनेटवर तळहात ठेवतात,
गाभण मेंढीच्या पोटावर ठेवावा तसा.

मला घेऊन खाली पुलापर्यंत गेले.
सपाटीवर न्यूट्रल केलं.
गाडीनं आपली आपण घरंगळत जायला हवं होतं.
वीस पावलांत थांबली,
कुणी मागून नाव घेतल्यासारखी.

उतरून चारही चाकांना त्यांनी हाताची मागची बाजू लावली,
पोरांचा ताप बघतात तशी.
पुढचं थंड. पुढचं थंड.
मागचं उजवं थंड.
मागच्या डाव्यापाशी हात झटकला आणि हसले.
मग मलाही लावायला लावला.
डाग अजून आहे.

हँडब्रेकची तार गंजून नळीतच रुतली होती.
"रात्री उतारावर उभी करतेस?"
"दवाखान्यासमोर दुसरी जागा कुठंय?"
"मग चाकाला दगड लाव. गोठणाऱ्या रात्री
ब्रेक ओढून ठेवू नये."

तार बदलली. मला वाटलं, झालं.
मला नेहमीच लवकर वाटतं.
साबण हातात घेतला होता, तर उस्ताद म्हणाले,
"एक दुखणं सापडलं, की दुसरं त्याच्या आड लपतं.
चढावर ने."

सपाटीला आता पळत होती,
पण मशिदीच्या वळणावर तीच धाप,
आणि आरशात काळा धूर.

चारही प्लग काढले.
तव्याच्या बुडासारखे काळे.
"खायला मिळतंय हिला," उस्ताद म्हणाले,
"पोटभर मिळतंय. श्वास कुठंय?"

एअर फिल्टरचं झाकण मी उघडलं.

अक्रोड. तेवीस, मी मोजले.
खाली गवत, मेंढीची लोकर
आणि दवाखान्यातल्या बँडेजची एक पट्टी
गोल गोल फिरवून नीट अंथरलेली.
फिल्टरचा कागद एका बाजूनं कुरतडून
मऊ करून ठेवलेला.
रानउंदीर घरी नव्हता.

मुकद्दस वाकून बघत राहिली.
"महिनाभर मी शिव्या देत होते इंजिनला," म्हणाली,
"आणि आत हे—"
पुढचं तिनं गिळलं.

नवा फिल्टर घातला. नळीच्या तोंडाला
मी चहाची गाळणी सुचवली.
"बारीक आहे. पुन्हा गुदमरेल."
कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी कापून बसवली.
उस्तादांनी तारेचे पैसे घेतले, फिल्टरचे घेतले,
मजुरीचं विचारलं तेव्हा त्यांना ऐकू आलं नाही.

एक अक्रोड मी फोडला. पेट्रोलचा वास.
बाकीचे बावीस तिनं डगल्याच्या खिशात भरले.
"दगडापाशी ठेवीन," म्हणाली, "चाकाला लावायच्या."

मग चढावर गेली, तिसऱ्या गिअरमध्ये,
मशिदीपाशी क्षणभरही न अडखळता.
धूर नाही. वळणाआधीच आवाज विरला.
उस्ताद हात पुसत रस्त्याकडे बघत होते.
"गेली?" त्यांनी विचारलं.
मी मान हलवली.
"चढली?"