नमुना: घरचा

दिवसभर मी समुद्राचं पाणी गोड झाल्याचं
सही करून सांगतो.
जुबैलच्या या कारखान्यात माझा रकाना शेवटचा.
सजीव: शून्य.
सतरा वर्षं लिहितोय,
शून्य आता वळणदार येतं.

घरी, अडीच फुटांच्या टाकीत,
बुधवारी रात्री
शाल्मलीने मोबाईलचा टॉर्च काचेला लावला
आणि म्हणाली, बाबा, काच चालतेय.

खरंच चालत होती.
शेवयांच्या चुऱ्याएवढं पांढरं काहीतरी
उजेड पडताच वळून, सावकाश,
घाई करणं आपल्या घराण्यात नाही अशा थाटात
फिल्टरमागे निघालं होतं.
आणि पाण्यात ठिपके,
थबकणारे, उडणारे, परत थबकणारे,
मीठ सांडावं आणि मिठाला उचकी लागावी तसे.

माधवी म्हणाली, ओतून टाक सगळं.
दुकानातला तिलकबहादुर म्हणाला, औषध आहे,
एका दिवसात साफ, गोगलगाईसुद्धा.
ते ‘सुद्धा’ त्याने वरताव्यासारखं घातलं.

मी कामावरचं भिंग खिशातून आणलं.
ठिपक्याला एकच डोळा, कपाळाच्या मधोमध,
दोन्ही बाजूंना अंड्यांच्या थैल्या,
मंडईतून परतणाऱ्या बाईसारख्या.
याचं काही नाही, मासेच खातील फुटाण्यांसारखे.
शेवईचं डोकं मात्र बाणाच्या टोकाचं,
डोळे दोन, एकमेकांकडे बघणारे.
‘तिरळा आहे!’ शाल्मली हरखली.
कापला तर दोन होतात, मी म्हटलं.
तिने लगेच कात्री मागितली.

आला बहुतेक झाडासोबत.
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं ते झाड,
त्यावरची लिपी आमच्यात कुणालाच येत नव्हती.
पण आला म्हणून वाढत नाही,
वाढतो तो उरलेल्या अन्नावर.
मग चौकशी: दाणे घालतं कोण?
सकाळी मी. शाळेतून आल्यावर शाल्मली.
आणि दुपारी तीनला माधवी,
कारण त्या वेळी या घरात
दुसरं कुणी तोंड उघडत नाही.

हे ती भांडी पुसता पुसता म्हणाली.

दाणे एकवेळ केले.
जूनमध्ये नळाचं पाणी गच्चीवरून उकळूनच येतं,
म्हणून बंद गीझरमधलं, कालचं, निवलेलं
अर्धी बादली टाकीला.
गोळ्यांच्या रिकाम्या कुपीला सुईने भोकं पाडली,
आत कोळंबीचं शेपूट.
फजरच्या अजानआधी कुपी काढायची:
एकोणीस.
मग अकरा. मग चार.
मग दोन रात्री नुसतं शेपूट.

शुक्रवारी तीन वाजता मी कोचावर डोळे मिटून पडलो होतो.
माधवी आली,
रिकामी चिमूट पाण्यावर धरली.
मासे वर आले, सगळे, तोंडं उघडून.
ती त्यांना काहीतरी सांगत होती,
एसीच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही.

तिच्या कोपरापाशी, काचेच्या खालच्या कोपऱ्यात
एक शेवई वळत होती.
मी डोळे पुन्हा मिटून घेतले.