डावं मडगार्ड

तीन आहेत. तिन्ही भिंतीला टेकवून ठेवलीत
नाना पेठेत, दस्तगीर शिकलगारच्या शेडमध्ये.
शेजारी स्पेअर पार्टचं दुकान, समोर बोळात
कुणाचातरी टेम्पो आडवा, कायमचाच.

पहिलं इंग्लंडहून आलं.
लाकडी खोक्यात, काळ्या प्राइमरमध्ये,
कस्टमचे पैसे पत्र्यापेक्षा जास्त.
दिसायला बिनखोट.
लावून पाहिलं तर हेडलाइटपाशी सात मिलिमीटर वर,
दाराशी चार आत,
आणि बोल्टची भोकं
दुसरीकडेच लग्न ठरल्यासारखी.

दुसरं जुन्या बाजारातलं. बुधवारी मिळालं,
मोडक्या वजनकाट्याखाली.
विकणारा म्हणाला, फियाटचं आहे.
मी गप्प बसले. साडेचारशे रुपये.
वरची कमान अस्सल, कारखान्याच्या दाबाची.
खालचे आठ इंच मात्र गंजाने विणलेली चाळण.
रुमालात गुंडाळून लोहचुंबक फिरवला,
तीन ठिकाणी तो घसरून पडला:
पत्रा नाही, नुसती पुट्टी.

तिसरं दस्तगीरने स्वतः ठोकलं.
वीस गेज, वाळूची पिशवी, लाकडी हातोडा, अकरा दिवस.
देखणं आहे.
फक्त वळणात जरा भरलेलं,
पानाचा तोबरा धरलेल्या गालासारखं.
त्यालाही ते कळलंय. म्हणून ते त्याने
सगळ्यात मागे ठेवलंय.

बत्तीस वर्षं मी पिंपरीला इन्स्पेक्शनला होते.
दहा मायक्रॉनसाठी ट्रेच्या ट्रे परत पाठवले.
पोरं पाठीमागे मला नापासबाई म्हणत,
मी ऐकलं नाही असं दाखवायची.
रिटायर झाले, तेव्हा लाल शिक्का
चुकून पर्समध्ये आला. चुकून असं मी सांगते.

मग वाघोलीला एका गोठ्यात, कडब्याखाली
ही एमजी मिजेट. दोन माणसांची, इतकी बुटकी
की सिग्नलला थांबली तर रिक्षाही वाकून बघेल.
आमच्या ह्यांना वाटलं होतं,
मी म्हैस बघायला चाललेय.

आता समोर तीन नापास,
आणि त्यातलं एक पास करायचंय.

दस्तगीर म्हणाला, "बाई, आधी उजवं मोजा."
उजवं मूळचं. कधी धडकलेलं नाही, कधी निघालेलं नाही.
मी व्हर्नियर लावला.
दाराची फट वर तीन, खाली साडेपाच.
पुन्हा लावला. वर तीन, खाली साडेपाच.
बॅटरी घेऊन आत डोकं घातलं:
शेंदरी थराखाली कानशीच्या खुणा,
तिरक्या, घाईच्या.
कुणीतरी घासघासून बसवलं होतं तिकडे, इंग्लंडात,
शुक्रवार असेल, पगाराचा दिवस,
आणि माझ्याच हुद्द्याचं कुणीतरी
दिवा धरून बघून म्हणालं असेल,
चालेल.

मला राग आला. खरंच.
साठ वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचा,
भर शेडमध्ये, हातात कटिंगचा ग्लास.
चहा संपेपर्यंत टिकला.

मग दस्तगीरने बोटाच्या पेराने
एकेक वाजवून दाखवलं.
इंग्लंडचं बिस्किटाच्या डब्यासारखं.
त्याचं स्वतःचं ताशाच्या काठासारखं, टणक.
जुन्या बाजारातलं खाली मुकं,
पण वर, कमानीपाशी,
एक बारीक लांबणारा आवाज.
तो उजवीकडे गेला, उजवं वाजवलं.
तोच.

मी खडू मागितला.
जुन्याच्या पोटावर, गंजाच्या दोन बोटं वर,
रेघ ओढली. फूटपट्टीशिवाय, थोडी वाकडी.
"ह्याच्या खालचं कापा.
तुमच्या त्या मागच्यातून आठ इंच काढून इथे जोडा."
तो मागच्याकडे बघत राहिला, अकरा दिवसांकडे.
"आठच इंच?"
"आठच."
मग कात्री शोधायला लागला, पाठ करून,
आणि तसाच म्हणाला,
"दाराशी फट किती ठेवू?"

व्हर्नियर मी पुसून डबीत ठेवला होता.

"वर तीन," मी म्हटलं.
"खाली साडेपाच."