डब्यातली वाळू

टॅबची पाठ मंगळवारी उचलली गेली,
भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी.
मी तेव्हा भांडुपला, टेंभीपाड्याच्या वरच्या गल्लीत
पिंगळेबाईंच्या उंबऱ्यावर बसून विचारत होते,
घरात पाच वर्षांखालची मुलं किती.
"तुमचंच काहीतरी फुगलंय बघा," त्या म्हणाल्या.

स्टेशनजवळच्या नौशादने श्वास धरून
ती चिमट्याने बाहेर काढली.
चंदेरी उशी, तळव्याएवढी,
जास्त पिकलेल्या पेरूसारखा गोडसर वास.
"रात्रभर लावून ठेवता?"
ठेवते. सकाळी सातला निघायचं असतं.
"उशीखाली?"
उशीखाली. प्लग एकच, तो गादीपाशी.
"वीसच्या खाली नको, ऐंशीच्या वर नको,
उन्हात नको, गॅसजवळ नको."
मला हसू आलं.
बारा बाय दहाची खोली, वर पत्रा.
उन्हात नको, गॅसजवळ नको,
असं मी बाळंतिणींनाही सांगायचं सोडून दिलंय.

नवी बसवली, नऊशे रुपये.
ऑफिसने पावती ठेवून घेतली, पैसे पुढच्या महिन्यात.
जुनी नौशादने माझ्याच हातात दिली.
"टोचू नका. दाबू नका. घंटागाडीत तर नकोच,
कचरा दाबताना पेट घेईल,
आणि मागे लटकलेलं असतं कुणाचं तरी पोर."

मग टोकांना चिकटपट्टी.
खालच्या बांधकामावरून दोन ओंजळी सुकी वाळू मागून आणली.
लेकाच्या बालवाडीतल्या स्टीलच्या डब्यात वाळू,
वाळूत ती, वर पुन्हा वाळू,
झाकण नुसतं टेकवलेलं.
चार दिवस डबा दाराबाहेर, कुंडीमागे, सावलीला.
मी येताजाता झाकण उचलून बघायची.
लेक म्हणाला, आई, काय उबवतेस?

शनिवारी बसने मुलुंड. डबा मांडीवर.
शेजारची म्हणाली, प्रसाद आहे का?
मी म्हटलं, नाही हो. आणि पुढे काही सुचेना.

मोठ्या दुकानाच्या दारात गार्डने अडवलं.
काय आहे?
बॅटरी. फुगलेली.
तो दोन पावलं मागे सरला.
मग इकडेतिकडे बघून पुन्हा जवळ आला.
छातीवरच्या पट्टीवर नाव, खरवते.
वर्तमानपत्राची पुडी काढली खिशातून.
"माझ्या टॉर्चमधली. महिना झाला.
टाकायची कुठे, म्हणून घेऊनच फिरतोय."
महिनाभर, खिशात! मी ओरडलेच त्याच्यावर,
डोस चुकवणाऱ्यावर ओरडते तशी.
मग आम्ही दोघं पायरीवर उकिडवे बसून
तिच्या टोकांना पट्टी लावत होतो,
आणि गिऱ्हाइकं आम्हाला वळसा घालून आत जात होती.

आतून हातमोजे घातलेला मुलगा आला.
दोन्ही उचलल्या, हिरव्या पेटीत हलक्या हाताने ठेवल्या.
सही कुठे करू? मी विचारलं.
सही नाही लागत, तो म्हणाला.
मी तरी पेन हातात धरून थोडा वेळ उभी.

परतताना वाळू द्यायला गेले.
मुकादम म्हणाला, एवढीशी? कुंडीत टाकायची ना.
नको म्हटलं. ढिगावर ओतली,
आणि कुठे ओतली ते लगेच दिसेना.

रात्री दीडला जाग आली. ब्याऐंशी.
वायर काढली.
लेकाच्या कपाळाला हात लावून पाहिला, सवयीने.
मग टॅबलाही लावला.