शेंगा ब्याडा

चिठ्ठी मारिटनं उट्रेख्तहूनच टाइप करून आणली होती.
त्याला शेंगदाणा चालत नाही. कणभरसुद्धा.
खाली मांडीचं चित्र,
सुई कुठं टोचायची तिथं लाल फुली.
आणि चिठ्ठीच्या मागं, गुडघ्यापर्यंत मोजे ओढून,
तिलो. माझा भाचा. वय सहा.
अनगोळातल्या आमच्या दारात
परदेशात आल्यासारखा उभा.
आल्यासारखा काय, आलाच होता की.

मी स्वयंपाकघरात शिरले ती झडतीला आल्यासारखी.
काकडीत कूट. पालेभाजीत कूट.
वांग्यांच्या पोटात तर ठासून.
बरणीतली चटणी, तिच्या शेजारी तिचीच थोरली बहीण,
आणि ओट्याखाली पंधरा किलोचा डबा,
घाण्यावरनं आणलेलं शेंगतेल.
मीठ तेवढं सुटलं.
मग आठवलं, मिठातला चमचा चटणीचाच.

आईचा बिडाचा तवा मी तीनदा घासला,
राखेनं, चिंचेनं, शेवटी रागानं.
प्रवीण मागं येऊन उभा राहिला.
"अक्का, ऱ्हाऊ दे. त्याच्या पोटातलं निघायचं न्हाई."
तीस वर्षांच्या आंबोळ्या तव्यात मुरलेल्या,
आणि आमच्यात.
माळ्यावर ठेवताना तो नेहमीपेक्षा जड लागला.

शहापुरात कुंद्याच्या दुकानात चिठ्ठी दाखवली.
म्हातारबाबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.
"कुंद्यात न्हाई हो, दूध आणि साखर.
पण चिक्की ह्याच सुरीनं कापतो."
गप्प बसले असते तर अर्धा किलो खपला असता.
मी त्यांना नमस्कार केला,
तिलोला वाटलं हीच इथली दुकानातून निघायची रीत.
त्यानंही केला.

गोकाकला जायचं, तर वाटेत कानडीत सांगावं लागणार,
म्हणून शेजारच्या शिवलीलाकडं वही घेऊन गेले.
या गावात पाटीवर कुठलं अक्षर वर, कुठलं खाली,
यावरनं माणसं हमरीतुमरीवर आलेली मी बघितलीत.
ती हसायला लागली.
"वैजक्का, शेंगा म्हणजे शेंगाच की!
तुझं नको तेवढं काढ, माझं ब्याडा घाल."
पानभर जागा सोडली होती मी भाषांतराला.

अंकलगीच्या पुढं खानावळ. चुलीला धूर,
दारात कडब्याची पेंढी, आत चार बाकं.
ताटात काय काय असणार ते वासावरनंच कळलं.
तिलो म्हणाला, भूक. मराठीत. प्रवीणनं शिकवलेला एकच शब्द.
मी म्हटलं, "अव्वा, कूसाला शेंगा ब्याडा. मुळीच ब्याडा."
अर्धं माझं, अर्धं तिचं.
बसलिंगव्वानं माझ्याकडं बघितलं, मग लाल फुलीकडं.
काही विचारलं नाही.
कोपरापर्यंत हात धुतले. परत धुतले.
परातीला मागच्या नळाखाली नेलं,
पिठाचं नवं पोतं फोडलं,
दुरडीतल्या भाकरी बाजूला सारून
चुलीतल्या निखाऱ्यांवर एकच भाकरी भाजली, तव्याशिवाय,
फुंकर मारून राख झटकली,
वर दूध, गूळ.

मारिट घास मोजत होती. मी तिची बोटं बघत होते,
पर्सच्या चेनवर ठेवलेली, अर्धी उघडी चेन.
दहा मिनिटं. वीस.
तिलोच्या ओठांवर दूध, बाकी काही नाही.
"साका?" बसलिंगव्वानं विचारलं.
तो म्हणाला, "साकु."
कुणी शिकवलं, आम्हाला माहीत नाही.

पैसे देताना तिनं एका भाकरीचेच घेतले.
नव्या पोत्याचं मी काढलं, तर म्हणाली,
उद्या फोडायचंच होतं.

धबधबा बघितला. पाणी कमी होतं.

ते गेले त्याला आता पंधरा दिवस झाले.
कालपासून भाजीत कूट परत पडायला लागलंय,
पहिल्या घासाला जीव सुखावला, खोटं कशाला बोलू.
दुसऱ्या घासाला उठून
मिठातला चमचा मात्र काढून धुतला.