फिरत्या काचा

लीड्सच्या या पबात, काउंटरवर,
डोळ्यांच्या उंचीला
महोगनीत बसवलेल्या बारा फिरत्या काचा.
दुधी, वेलबुट्टीच्या.
साहेबलोकांना पिताना
ओतणारीचा चेहरा दिसू नये म्हणून.

हेटी स्किपवर्थची पणजी इथे
चाळीस वर्षं नुसते हात ओळखायची:
हा वकिलाचा, अंगठी काढून ठेवल्याचा वळ.
हा पाद्र्याचा,
नाणं सोडताना अडखळणारा.

मागच्या भिंतीला खिडकी,
सुरई जेमतेम जाईल एवढी.
बापाची बिअर न्यायला पोरं यायची,
टाचा उंचावून.
चौकट खालच्या कडेलाच झिजलीय.

आता काचा उघड्याच असतात सगळ्या.
सातवी सोडून.
खीळ गंजलीय तिची, हेटी म्हणते,
आणि तेलाची बाटली
फळीवर आणखी मागे सरकवते.