नव्वद दिवस

फिनलंडच्या उत्तरेला, केमीत, जानेवारीतला सूर्य
पाहुण्यासारखा दारात येतो
आणि कोटही न काढता निघून जातो.
पहाटे तीनला मी बेकरीत राईचं पीठ मळते.
त्याआधी, मध्यरात्री, एका ऑनलाइन खेळाची राखण करते.
खेळ साधा: गोठलेल्या समुद्रावर गाड्या पळवायच्या.
दोनशे-सव्वादोनशे माणसं, बहुतेक एकटी.
पगार नाही. हातात फक्त एक बटण,
कुणालाही नव्वद दिवस दाराबाहेर ठेवणारं.

विल्प्पू सतरा वर्षांचा.
सगळ्यांच्या चाकांखाली बर्फ निसटायचा,
त्याच्याच तेवढा निसटत नव्हता.
सहा आठवडे आम्ही म्हणत होतो, काय हात आहे पोराचा!
मग कुणीतरी त्याच्या वळणांचा हिशेब मांडला.
हात नव्हताच. हातचलाखी होती.

त्याचं पत्र आलं.
चूक झाली, झोप लागत नाही, आईला सांगितलंय.
आमचा नियम: कबुली दिली तर नव्वदचे तीस.
मीच सुचवलेला, चार वर्षांपूर्वी.
पहिल्या वर्षी तीन पत्रं आली, तिन्ही वाचून मी रडले.
दुसऱ्या वर्षी सव्वीस.
तिसऱ्या वर्षी सगळ्यांत एकच वाक्य,
त्याच जागी चुकलेल्या स्वल्पविरामासकट.
पश्चात्तापाचाही साचा निघाला होता,
ज्याने त्याने आपलं पीठ ओतावं.

आता हे पत्र खरं की खोटं,
कुठल्या काट्यावर तोलू?
पीठ मी ग्रॅमवर तोलते, मीठ बोटांनाच कळतं.
पण पकडला गेला म्हणून रडणारा
आणि केलं म्हणून रडणारा,
दोघांचं पाणी सारखंच खारट.

आणि ज्याला लिहिताच येत नाही, त्याचं काय?
टोर्निओचा तो ओस्मो, लाकडं तोडणारा,
त्याने एवढंच लिहिलं होतं: "हो. केलं."
त्याला मी पुरते नव्वद दिले.
ते दोन शब्द अजून घशात आहेत,
माशाचा काटा राहावा तसे.

आहतीला विचारलं.
बासष्ट वर्षांचा, हाइलुओतो बेटाच्या फेरीबोटीवरून निवृत्त.
हिवाळी चषकात तीन शर्यतींत दुसरा,
तिन्ही वेळा विल्प्पूच्या मागे.
पोराने माफी मागितलीय, काय करू?
बराच वेळ टिंबं हलत राहिली. मग उत्तर:
"माफी त्याने तुझ्याकडे मागितली.
त्या पत्रात मी कुठे आहे?"

पत्र पुन्हा वाचलं.
मी, मला, माझं, माझ्या. अठरा वेळा.
आहतीचं नाव नव्हतं.
बर्फाचंसुद्धा नव्हतं.

मी विल्प्पूला कळवलं: नव्वदच. एक दिवस कमी नाही.
आणि त्याच रात्री तीसचा नियम खोडला.
कठोर झाले का? झाले असेन.
पश्चात्तापाला मोबदला दिला की त्याची मजुरी होते,
एवढंच मला कळतं,
तेही रोज कळत नाही.

एकसष्टाव्या दिवशी आहतीने एक फोटो पाठवला.
पाकिटावर पत्ता: फेरीबोटीचे जुने कप्तान, हाइलुओतो.
छोट्या बेटावर एवढं पुरतं.
आत एक कागद, पेनने लिहिलेली तीन शर्यतींची क्रमवारी.
पहिला, आहती. पहिला, आहती. पहिला, आहती.
विल्प्पू कुठेच नाही. माफीचा शब्दही नाही.
फोटोखाली म्हाताऱ्याची ओळ: "अक्षर घाणेरडं आहे."

एकोणतीस दिवस उरले होते. बटण तिथेच होतं.
माझे हात कोपरापर्यंत पिठात.
नाही कमी केले.
त्याने मागितलेच नव्हते.

नव्वदावा संपतो पहाटे चार दहाला.
बाहेर एप्रिल, खरा समुद्र तडकू लागलाय,
खेळातला अजून गच्च.
पाव भट्टीत. मोबाइल पोत्याला टेकवून ठेवलाय.
सुरुवातीच्या रेषेवर एक दिवा लागला.
गाडी हलत नाही.
थोड्या वेळाने, शेजारी, दुसरा.